चीन, थायलंड आणि नानांची डिस्क

आमच्या नानांकडे एक पुरावा होता. अठरा वर्षं होता. आणि अठरा वर्षांत तो एकाही माणसाला दिसला नव्हता.

नाना म्हणजे माझे आजोबा, भिवाजी. पुरावा म्हणजे एक डीव्हीडी. ती पत्र्याच्या पेटीत, आजीच्या पांढऱ्या लुगड्याच्या घडीत असायची. गावात कुठलाही वाद निघाला की नाना छातीवर हात ठेवून म्हणायचे, "माझी जबानी डिस्कमध्ये हाय." वाद नळाच्या पाण्याचा असला तरी.

खरं तर जबानी होती विहाराच्या पायाबद्दल. हे आधीच नीट सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या पायावरच उभा आहे.

आमची वस्ती आखाडा बाळापूरपासून सात किलोमीटरवर. वीस वर्षांपूर्वी विहारासाठी जागा होती, पण विहार नव्हता. त्या थंडीत अख्खी वस्ती ऊसतोडीला गेली. माझे पप्पासुद्धा. मागे राहिले दोघंच. नाना, कारण त्यांची कंबर धरली होती. आणि आजी, कारण नानांची कंबर धरली होती. उन्हाळ्यात लोक परत आले तर काय, विहाराच्या जागेवर छातीइतका खोल पाया खांदून तयार! काळ्या रानात, चारी बाजूंनी, दोरी लावल्यासारखा सरळ.

"वा रे भिवाजी!" सगळे म्हणाले.

नानांनी नाही म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी विहार उभा राहिला. तो बघायला बाहेरदेशातून तीन माणसं आली, सोबत मराठी बोलणारी एक बाई. दोन दिवस त्यांनी विहाराचं, लोकांचं, शेळ्यांचंसुद्धा शूटिंग केलं. नानांनाही खुर्चीवर बसवून बोलतं केलं. वर्षभराने पोस्टाने डिस्क आली. ती अख्ख्या वस्तीने मिळून कुणाच्या तरी प्लेअरमध्ये घातली, तर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ. बस.

तेव्हापासून डिस्कवर उपचार सुरू झाले. कुणी टूथपेस्ट लावली. कुणी पावडर. शेजारच्या रूपाबाईने तर हळद चोळली, कारण हळदीने सगळंच बरं होतं. आणि हे सगळं छापलेल्या बाजूने! चमकणारी बाजू स्वच्छच दिसते, मळकी दिसते ती अक्षरांची बाजू, म्हणून लोकांनी अक्षरंच घासली. मी मोठी होईपर्यंत डिस्कवर एक अक्षर शिल्लक नव्हतं. पिवळसर झाक तेवढी होती.

यंदा विहाराच्या पायाला वीस वर्षं होणार म्हणून बैठक बसली. विहार कमिटीचे अध्यक्ष उत्तमराव. नोकरीभर हिंगोलीला राहून एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, त्यामुळे तिकीट बघितल्याशिवाय ते कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. ते म्हणाले, काळ्या दगडाची पाटी करू. भिंती कुणी बांधल्या, पत्रे कुणी दिले, सगळ्यांची नावं कोरू. पहिली ओळ पायाची.

"पायाचं नाव काय घालायचं, भिवाजीदादा?"

"काय घालायचं म्हणजे? भिवाजी घाला."

"घालतो की. पण कंबर धरली म्हणून तुमी तोडीला गेले न्हाई. अन् त्याच कंबरंनं पाया खांदला व्हय?"

"सुटली होती कंबर."

"कवा?"

"लोकं गेल्यावर."

लोक हसले. नाना लाल झाले. "माझी जबानी डिस्कमध्ये हाय!"

"मग दाखवा. सोमवारी दगडवाल्याला मजकूर द्यायचा हाय. रविवारपर्यंत डिस्क दिसली तर तुमचं नाव. न्हाई तर 'समस्त गावकरी' लिहू अन् मोकळं होऊ."

नाना तसेच उठले. घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत. आजी नेहमीसारखी तांदूळ निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "जेवा. पाया कुठं पळून जाऊन राहिला?"

मला राहवेना. मी नववीत आहे, आणि गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा माइक हातात घेऊन सात मिनिटं बोलले. एकही वाक्य विसरले नाही, शेवटी टाळ्या! तेव्हापासून मला वाटतं की जगात न जमणारं असं काही नसतंच, फक्त लोक आधी घाबरतात. मी जाहीर करून टाकलं, "नाना, रविवारी डिस्क लागणार. मी लावणार!"

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, अभिमानाने.

पेटीतला जुना प्लेअर काढला, टीव्हीला जोडला, डिस्क घातली. काळा पडदा. इंग्रजी ओळ. आणि मी ती ओळ वाचली! अठरा वर्षांत ती वाचायची कुणाला सुचलंच नव्हतं. सगळे डिस्कच पुसत बसले. ओळ होती, 'राँग रिजन'.

मग मी फोनवर शोधलं. दीड तास वाचलं आणि मला इतका आनंद झाला की मी तशीच सायकल काढून तांड्यावर दिपाकडे गेले. दिपा माझ्या वर्गात आहे, माझी जिवलग, आणि मी काहीही सांगितलं की त्यातून मजा काढते.

"दिपा, डिस्क खराब नाही! ती दुसऱ्या मुलखाची आहे! कंपन्यांनी सगळ्या जगाचे सहा भाग केलेत. अमेरिकेला एक नंबर, थायलंडकडं तीन, चीन सहा. आपण पाच. प्लेअरवर पण नंबर, डिस्कवर पण नंबर. दोन्ही जुळले तरच चालणार."

"काहून पण?"

"एका देशात सिनेमा आधी येतो, दुसऱ्या देशात नंतर. आधीवाल्यांच्या डिस्का नंतरवाल्यांकडं जाऊ नयेत म्हणून."

दिपाने जरा विचार केला. "म्हणजे डिस्कला रेशनकार्ड हाय म्हण की. ज्या गावचं कार्ड, त्याच गावात धान्य."

"बरोब्बर!"

"अन् तुझ्या नानांचं धान्य अठरा वर्षांपासून चुकीच्या दुकानात लायनीत उभं हाय."

काही प्लेअरमध्ये रिमोटवरून एक गुपित नंबर दाबला की तो सगळ्या मुलखांच्या डिस्का घेतो, असंही मी वाचलं होतं. पण आमच्या प्लेअरचा रिमोट मी दोन वर्षांची असताना विहिरीत गेला. मीच टाकला म्हणतात. त्याला पुरावा नाही.

मग दिपाला तिचे विकासकाका आठवले. त्यांचं बाळापुरात फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्नांचं शूटिंग करतात. त्यांच्याकडे डिस्कवाला जुना लॅपटॉप आहे, आणि लॅपटॉपमध्ये मुलूख बदलता येतो. मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी काळीपिवळी जीपने बाळापूर गाठलं.

विकासकाकांनी डिस्क उजेडात धरली. "हिला हळदीचा वास काहून येतो?"

"औषध आहे काका. तुम्ही सेटिंग उघडा."

पडद्यावर देशांची लांबलचक यादी आली. खाली लिहिलेलं, बदल शिल्लक: चार. मी वाचून दाखवलं, फक्त चार वेळा बदलता येतं. शून्य झालं की शेवटचा जो देश असेल तोच कायमचा. पुन्हा कधीच बदलत नाही, लॅपटॉप पुसून नवा केला तरी नाही.

"कायमचा?" काकांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "माझं दुकान चालतं याच्यावर!"

"चार चान्स आहेत हो काका. एकच लागणार आहे."

आता प्रश्न, देश कोणता? डिस्कवरची अक्षरं हळदीने खाल्लेली. मी नानांना फोन लावला. "नाना, ती माणसं कुठली होती?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "चीन."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझ्याशी बोलले ते! चीन!"

इतका ठाम आवाज ऐकून मी चीन निवडला. तीन शिल्लक. डिस्क घातली. काळा पडदा.

दुसऱ्या दिवशी मी विहारात उत्तमरावांना गाठलं. ते म्हणाले, "चीन कुठलं? थायलंडचे होते. मी त्यांना हिंगोलीहून एसटीत बसवून आणलं होतं. तिकीट मीच फाडलं."

"तिकिटावर देश असतो का, काका?"

"चेहऱ्यावरून कळतं मला. तीस वर्षं नोकरी केली."

रूपाबाईला श्रीलंका वाटत होतं. ते बरं होतं, कारण श्रीलंका आपल्याच पाच नंबरात येते, म्हणजे ती डिस्क आपल्याकडं चाललीच असती. एक देश फुकटात कटला. डिस्क दुकानातच ठेवली होती, म्हणून मी फोनवरूनच विकासकाकांना थायलंड लावायला सांगितलं. दोन शिल्लक. काळा पडदा.

"ती तुझी डिस्क परदेशात फिरून आली, पण लागत न्हाई," काका म्हणाले. "माझा पासपोर्टसुद्धा न्हाई, अन् लॅपटॉप दोन देश हिंडला."

आणि मग त्याच संध्याकाळी झाला तो खरा घोळ. दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याला बहिणीच्या लग्नाची डिस्क बघून घ्यायची होती. लॅपटॉप थायलंडात. काका घाबरले. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यामागं झालेलं लग्न थायलंडात कसं दिसणार, म्हणून त्यांनी घाईघाईने परत भारत लावला. लग्न दिसलं. नवरदेव घोड्यावर दिसला. आणि खाली लिहून आलं, बदल शिल्लक: एक.

दिपाने गुरुवारी मला शाळेत सांगितलं तेव्हा मी डोकं बाकावर आपटलं. संध्याकाळी जाऊन काकांना म्हटलं, "काका, घरी बनवलेल्या डिस्कला नंबरच नसतो! लग्नाची डिस्क कुठल्याही देशात चालते!"

"मला काय ठाऊक? पंधरा वर्षं लग्नं करून राहिलो, मला कुणी सांगितलं न्हाई की लग्नाला देश नसतो."

"एक चान्स वाया घालवला तुम्ही."

"माझा लॅपटॉप अन् मीच वाया घालवला? आणि ऐक. आता जो देश लागंल, तोच कायमचा. चुकीचा लागला तर मी तुझ्या नानांना इथं आणून बसवीन, अन् गिऱ्हाइकाला सांगीन, काय विचारायचं ते यांना विचारा, जबानी देतेत."

शुक्रवार उजाडला. हातात एक चान्स, डोक्यात उरलेले तीन मुलूख. एक नंबर असेल, दोन असेल, चार असेल. अंदाजाने लावायची माझी हिंमत होत नव्हती, आणि हिंमत होत नाही हे कबूल करायचीही होत नव्हती. घरी नाना रोज अर्धी भाकरी कमी खात होते. मला वाटायचं, बिचारे. नाव जाणार म्हणून.

त्याच दुपारी सुचलं मला. गणिताच्या तासाला. डिस्कवरचं पुसलं, पण डबी? डिस्क डबीत येते. डबीवर कागद असतो. आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूला, मी वाचलं होतं, पृथ्वीच्या गोळ्याचं बारीक चित्र असतं आणि त्यात नंबर!

घरी पळत आले. "आजी, डिस्कची डबी कुठंय?"

आजीने भाकरी थापता थापता हनुवटीने भिंत दाखवली.

तिथं, टीव्हीच्या वर, नानांची फ्रेम. मी जन्मल्यापासून ती फ्रेम तिथंच बघत आले आणि कधी बघितलीच नाही! विहारासमोर उभे नाना, काळे कुळकुळीत केस, छाती पुढे. तो फोटो नव्हताच. तो डबीवरचा कागद होता. नानांनी तो बाळापुरात नेऊन मढवून आणला होता. फ्रेमवाल्याने मापात बसावा म्हणून वरची अक्षरांची पट्टी कापली होती आणि मागचा अर्धा कागद दुमडून पुठ्ठ्याआड घातला होता. अठरा वर्षं नंबर आमच्या भिंतीकडं तोंड करून बसला होता.

मी स्टुलावर चढले.

"आकांक्षे!" नाना दारातून ओरडले. "त्याला हात लावायचा न्हाई!"

"नाना, याच्या मागंच उत्तर आहे!"

"असू दे. काच फुटंल. समस्त गावकरी लिहू देत. गावकऱ्यात मी आलोच की."

"असं कसं? पाया तुम्ही खांदला आणि नाव सगळ्यांचं? मी नाही होऊ देणार!"

नाना आजीकडे बघू लागले. आजी भाकरीकडे. मी खिळे उचकटले.

पुठ्ठ्यामागे कागद अजून नवा होता. चौकोनी चौकोनी अक्षरं, बारीक बारीक फोटो. विहार, शेळ्या, एका फोटोत आजी, कुदळ खांद्यावर घेऊन उभी. शेतातला असेल म्हणून मी पुढे गेले. आणि कोपऱ्यात पृथ्वीचा इवलासा गोळा. त्यात 2.

मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारून रूपाबाई धावत आली. तिला वाटलं विंचू.

दोन नंबरात बरेच देश, पण मी फोन अक्षरांवर धरला आणि फोनने सांगितलं, जपानी. खाली एका ओळीचा अर्थ लागला, 'आवाज: एक, जपानी. दोन, मूळ भाषा.' ते मी लक्षात ठेवलं. मी काय वाया जाऊ देते का काही!

"नाना, ते जपानचे होते! तुम्ही चीन काहून म्हणालात?"

नाना काच पुसत होते. "जवळच हाय की ते."

रविवारी सकाळी वंदना झाली. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात बसलेली, पुढे बायका, मागे माणसं. विकासकाका मोटारसायकलवरून लॅपटॉप घेऊन आले, तो मांडीवर लेकरू घ्यावं तसा घेऊन बसले आणि विहाराच्या टीव्हीला वायर जोडली. मी यादीतून जपान निवडला. खरंच करू का, असं लॅपटॉपने विचारलं. काकांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं.

बदल शिल्लक: शून्य.

डिस्क आत गेली. गरगरली. काळा पडदा. कुणीतरी खोकलं. आणि मग टीव्हीवर आमची वस्ती आली! आमचीच! चिंच, हातपंप, तो जुना गोठा. बायकांनी एकदम गलका केला. "माझं घर! अगं ते बघ, आमचा खंड्या! मेला तो." रूपाबाईला स्वतःचं तरुणपण दिसलं आणि तिने पदर तोंडाला लावला. पप्पा दिसले, मिशी नुकती फुटलेली. मी टाळ्या वाजवत होते.

मग आले नाना. खुर्चीवर, पायावर पाय टाकून. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून खर्जातल्या आवाजात घडाघडा जपानी बाहेर पडलं.

सगळी वस्ती टीव्हीकडे पुढे सरकली.

"अगं बाई," रूपाबाई म्हणाली, "भिवाजीभावजी कोणत्या भाषेत बोलून राहिले?"

"जपानी," विकासकाका म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवून खऱ्या नानांकडे पाहिलं. नानांनी फेटा सारखा केला. त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रक्त आलं होतं. "म्हणलं होतं ना? जबानी हाय म्हणून."

"पण काय बोलून राहिले ते कसं कळावं?" उत्तमराव.

"हात बघा की! पायाकडं हात करून दाखवून राहिलो! आणखी काय पाहिजे? झालं. नाव घाला अन् चहा सांगा."

लोक माना डोलवायला लागले. उत्तमरावांनीही खिशातून पेन काढला. आता सगळं जिंकलं होतं. इथं मी गप्प बसले असते तर ही गोष्टच संपली असती. पण मी गप्प बसणाऱ्यांतली राहिलेच नव्हते ना!

"थांबा!" मी उभी राहिले. "यात मूळ आवाज पण आहे. नाना मराठीतच बोलले होते. जपान्यांनी वरून दुसऱ्याचा आवाज चढवला. मी आत्ता बदलते!"

"आकांक्षे, राहू दे," नाना म्हणाले.

"एक मिनिट लागतं, नाना!"

"जपानीच बरं हाय! भारदस्त वाटतं!"

मला वाटलं, लाजतायत. मी मागे नेलं, आवाज दोन नंबरवर टाकला.

आणि नानांचा आवाज आला. खरा, जरा किरटा, अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीचा.

"खरं सांगू का बाई? तुमी लांबचे हाव म्हणून सांगतो. पाया मी न्हाई खांदला. हिनं खांदला. लक्ष्मीनं. एकटीनं, सव्वा महिना. माझी कंबर धरली होती. मी लिंबाखाली खाटंवर पडून 'जरा डावीकडं घे, जरा डावीकडं घे' म्हणत होतो. तिनं एक डाव ऐकलं न्हाई. अन् पाया निघाला बराबर. लोकं आले, वा भिवाजी म्हणले. मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडातून 'व्हय' निघून गेलं. आता माघारी कसं घ्यावं सांगा. हिला तेवढंच सांगायचं राहिलं, की बाई, तुझ्याएवढी ताकद माझ्यात कवाच नव्हती. ते तुमी तुमच्या मुलखात दाखवा. इकडं नका दाखवू."

आणि त्या लोकांनी शब्द पाळला होता! डिस्कवर दोन नंबर टाकून, पाच नंबरला बंदी घालून, अठरा वर्षं नानांचं गुपित जपानात सांभाळून ठेवलं होतं. फोडलं ते मी. टाळ्या वाजवत.

टीव्हीवर शेळ्या आल्या. कुणीच शेळ्यांकडे बघत नव्हतं. माझे कान इतके तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. नाना जमिनीकडे बघत होते.

"डावीकडं घेतलं असतं तर खडक लागला असता," आजी म्हणाली.

ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती, टीव्हीकडेच बघत, अगदी शांत. तिचे डोळे तेवढे ओले होते, आणि ते पुसायची तिला घाई नव्हती.

उत्तमराव पेन हातात धरून तसेच. "लक्ष्मीवैनी, मग तुमी एवढी वर्षं बोलल्या काहून न्हाई?"

"मला कुणी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. उत्तमरावांनी नानांना विचारलं. मी फोनला विचारलं, चीनला विचारलं, थायलंडला विचारलं, फ्रेमच्या पाठीला विचारलं. ज्या चुलीपुढं बसून मी रोज दोन भाकरी खाते, तिथं पाया खांदणारी बाई स्वतः बसलेली. तिला एकदा विचारलं असतं तर काळीपिवळीचे फेरे वाचले असते आणि विकासकाकांचा लॅपटॉप हिंदुस्थानात राहिला असता.

पहिल्यांदा हसली ती रूपाबाई. मग दिपा. मग सगळा विहार हसायला लागला, आणि नानांनी मान वर करून पाहिलं, तर आजीसुद्धा हसत होती. तेव्हा तेही हसले. जरा उशिरा, जरा घाबरत.

"मग लिहायचं काय?" उत्तमरावांनी डोळे पुसले. "पाया, लक्ष्मीबाई भिवाजी. बराबर?"

"त्यांचं बी काम लिहा," आजी म्हणाली. "खाटंवर पडून डावीकडं घे म्हणणार, भिवाजी."

"वैनी, दगडावर एवढी अक्षरं बसायची न्हाईत."

"मग ऱ्हाऊ द्या. मला तोंडपाठ हाय."

पाटी आता लागली आहे. पहिली ओळ आजीची. ती रोज वंदनेला जाते, पाटीकडे बघत नाही, पण पाटीखालची जमीन तिने स्वतः झाडलेली असते. विकासकाकांचा लॅपटॉप कायमचा जपानी झाला. लग्नाच्या डिस्का त्यात बिनबोभाट चालतात, तरी ते गिऱ्हाइकांना सांगतात की हे मशीन थेट जपानशी जोडलेलं आहे, आणि दिपा म्हणते, धंदा वाढलाय.

आणि नाना. मी तीन दिवस त्यांच्यासमोर गेले नव्हते. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर ते स्टुलावर उभे, तोंडात खिळे, हातात हातोडी. फ्रेम त्यांनी बाळापुरात नेऊन उलटी मढवून आणली होती. आता दर्शनी बाजूला तो मागचा कागद, पृथ्वीचा गोळा, दोन नंबर, आणि मधोमध कुदळ खांद्यावर घेतलेली आजी. काळ्या केसांचे नाना भिंतीकडं तोंड करून.

"बघून काय राहिली? स्टूल धर," ते म्हणाले. मी धरलं.

त्यांनी फ्रेम भिंतीला लावली, मान मागे करून पाहिली, जरा उजवीकडे सरकवली, परत पाहिली.

मागून खाटेवरून आजीचा आवाज आला. ती आडवी पडली होती, हाताची उशी करून.

"जरा डावीकडं घ्या."